पंप ऐकणारा

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. लग्नाला आठ दिवसही झाले नव्हते, आणि धाकट्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "काका, एका पंपाला दोन तास? तपासता की त्याच्याशी गप्पा मारता?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसला तो माझ्या बायकोचा भाऊ. त्याला कारखान्यात मीच चिकटवलं होतं.

थोरले साहेब, म्हणजे यांचे वडील, स्वभावानं संशयी. स्वतःच्या सहीवरही त्यांचा भरवसा नसे. म्हणून प्रत्येक पंप दोन तास चालवायचा. लाकडी दांडीचं एक टोक बेअरिंगवर टेकवून दुसरं मी कानाला लावायचो. मी मान डोलावल्याशिवाय पंप दाराबाहेर पडत नसे. माल थोडा निघायचा, पण परत आलेला पंप मी पाहिला नव्हता.

धाकटे साहेब उतावळे, कौतुकाचे भुकेले. वडील घरी बसताच त्यांनी गिऱ्हाइकांना दुप्पट माल कबूल केला, तपासणी दहा मिनिटांवर आणली आणि तिचा फॉर्म भरायला मेहुण्याला बसवलं. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती.

घरी बायको म्हणायची, "बघा, पाच वर्षांत माझा भाऊ कुठं पोचला!" मी ताट सारून उठायचो.

एका सकाळी तपासणीला लावलेल्या पंपावर मी सवयीनं दांडी टेकवली. आत बारीक खरखर. दुसऱ्यातही तीच, तिसऱ्यातही. बेअरिंगची सगळी खेपच खराब होती.

"काय दाजी, काय म्हणतोय?" मेहुणा खुर्चीतूनच ओरडला. "सासरी जायला रडतोय का?"

पुन्हा हशा पिकला. मग तो उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "खरं सांगा, बरा आहे ना? तुमचा कान म्हणजे कान."

"ठणठणीत," मी म्हणालो. "कर सही."

त्यानं चारशे पंपांवर सही केली.

दोन महिन्यांत पंप परत येऊ लागले. घाई आपली होती, हे कबूल करणं धाकट्या साहेबांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी फॉर्मवरची सही दाखवली आणि मेहुण्याला काढलं.

फाटकाशी त्यानं मला गाठलं. मला वाटलं, आता गळाच धरणार.

"दाजी, कानाच्या डॉक्टरला दाखवा एकदा," तो म्हणाला. "साहेबांकडे मी तुमचं नाव घेतलं नाही. ताईलाही काही बोलू नका, उगाच तुमच्यावर चिडेल."

मी मान हलवली. तो निघून गेला.

धाकटे साहेब बदलले नाहीत. त्यांनी आणखी मोठी कामं उचलली, आणि चार वर्षांनी कारखान्याला कुलूप लागलं. मेहुणा ते बघायला नव्हता. कामावरून काढल्यानंतर तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, दुसऱ्यांचा माल उतरवताना छातीत कळ येऊन तो वारला. एकोणचाळीस वर्षांचा होता.