संशयी बॉल स्क्रू

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नसणार. मी धातू कापून घडवणाऱ्या लेथ मशीनच्या पोटात, पत्र्याच्या झाकणाखाली आडवा पडलेला असतो. दीड हात लांब, दोन बोटं जाड, आणि अंगभर वळणावळणाच्या गोल खाचा. लोक मला बॉल स्क्रू म्हणतात. आता माझं वय झालंय. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

हा स्वभाव जन्मापासूनचा. १९९६ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी नुसता गुळगुळीत पोलादी गज होतो. वाटलं, आता मला कापणार. पण कापलं नाही. खाचांचा नमुना कोरलेल्या दोन फिरत्या रोलरांमध्ये मला धरलं आणि दोन्हीकडून असं दाबलं, की माझंच अंग दबून त्यावर खाचा उमटल्या. कीस म्हणून खाली सांडला नाही. मग तापवून झटकन गार केलं, त्यानं कातडी टणक झाली. पलीकडच्या फळीवर घासून घासून बारकाईनं केलेले महागडे स्क्रू होते. त्यांना लाकडी खोकी, मला पुठ्ठ्याची नळी. तपासणारा माणूस मला मोजायचा आणि म्हणायचा, "रोल केलेला आहे ना, चालेल." "चालेल" म्हणणाऱ्या माणसाकडे मी तेव्हापासून नीट बघून घेतो.

माझ्यावर एक नट बसवला. साधा नट घासत फिरतो. माझ्या नटाच्या आत मात्र पोलादी गोळ्या असतात. मी फिरलो की त्या खाचांमधून घरंगळतात आणि टोकाला पोचल्या की एका वाकड्या नळीतून परत मागे येतात. त्यामुळे नट अलगद आणि अगदी मोजून सरकतो. लेथवर कापायचं हत्यार पुढे नेणारी गाडी या नटालाच जोडलेली असते. मी नीट, तर काम नीट. पण गोळ्यांच्या वाटेत कचरा गेला, की संपलं. तापल्या लेकराच्या कपाळावर आई पुन्हा पुन्हा हात ठेवते ना, तसा मी क्षणाक्षणाला स्वतःला चाचपत असतो. काही आत तर नाही ना गेलं?

औरंगाबादच्या एका कारखान्यात मी सात-आठ वर्षं राबलो. मग तिथं नवी मशीन आली आणि आमचा लेथ विकला गेला. २००४ साली आम्ही हिंगोली जिल्ह्यात, वारंगा फाट्यावर आलो. समोर रस्ता, त्यावर दिवसभर ट्रक, आणि ट्रकमागे धूळ. मी धास्तावलोच.

शेडचा मालक हरीश मूळचा साखऱ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. हळद पॉलिश करायच्या ड्रमचे दांडे आणि ते ज्यात घट्ट बसून फिरतात ते पोकळ बुश तो बनवायचा. मशीन चालवायला होता जवळच्या तांड्यावरचा प्रेमदास. रोज सकाळी तो माझं झाकण सरकवून तेल घालायचा, मऊ फडक्यानं पुसायचा. इतकी काळजी कोणी उगाच घेतं का? मी त्याच्यावर नजर ठेवली.

२००६ ची खंडेनवमी आली. हरीशची आई चतुराबाई घरच्या हळदीचा डबा घेऊन शेडमध्ये आल्या. हळद जरा भरडच दळलेली होती. मशीनपाशी येऊन त्या म्हणाल्या, "हे झाकण काढा आधी. देवाला गोधडीत गुंडाळून पूजा करत्यात व्हय?"

प्रेमदास पुढे झाला. "आई, आत नका लावू. वरच्या पत्र्यालाच लावा."

"काहून? आतलं काम करतंय आन् पूजा पत्र्याची?"

हरीश हसला. "लावू दे रे. चिमूटभर हळदीनं काय व्हतंय?"

चिमूटभर कसली! त्यांनी माझ्या तेलकट अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर अक्षता दाबल्या. मी मात्र भलताच विचार करत बसलो. हा प्रेमदास झाकण काढू का देत नव्हता? आत याचं काय लपलंय?

त्या दिवसापासून दुपारी हरीश जेवायला गेला की प्रेमदास झाकण पूर्ण काढायचा आणि खाचांमध्ये काहीतरी खरडत बसायचा. माझा संशय पक्का झाला. इकडे माझी चाल बिघडत होती. मी अडखळायचो, मग हिसका देऊन पुढे जायचो. हळदीचा हंगाम जवळ आला आणि वसमतचे कोंडीबा हातात बुश घेऊन दारात उभे राहिले. "हरीशभाऊ, ह्यो बुश हाय का पाळणा? नुसता झुलून राहिला."

हरीशचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी तो जेवण अर्धं टाकून परत आला. प्रेमदासचा हात माझ्या नटावर होता.

"काय करून राहिलास?"

"पुसून राहिलो, भाऊ."

"पुसाया झाकण पार काढाया लागतं? गोळ्या काढल्यास काय आतल्या?"

"गोळ्या काढून काय करू? लेकरायला खेळाया देऊ?"

"मग बुश काहून झुलतोय? बोल ना!"

प्रेमदासनं तोंड उघडलं. त्याची नजर भिंतीवरच्या खंडेनवमीच्या हाराकडे गेली. त्यानं तोंड मिटलं. बघा, सापडला, असं मला वाटलं.

"लोक सांगत व्हते," हरीश म्हणाला, "तांड्यावरच्याला मशीनजवळ घेऊ नको म्हून."

"मग लोकायचंच ऐकायचं व्हतं," प्रेमदास म्हणाला. खुंटीवरचा डबा घेऊन तो निघून गेला. नांदेडपर्यंत त्याला कोणी कामावर घेईना. फाट्यावर गोष्ट पसरायला एक चहा पुरतो.

आठवड्यानं नांदेडचा मेकॅनिक आला. त्यानं नट काढला आणि गोळ्या ताटात घेऊन मोजल्या. अठ्ठ्याहत्तर. एकही कमी नव्हती. मग नळीतून बोटावर पिवळा-लाल चिखल काढून म्हणाला, "शिरा केला का हो यात?" चिखलात तांदळाचे चुरलेले कणही होते.

डबा द्यायला आलेल्या चतुराबाईंनी वास घेतला आणि हातातला डबा खाली ठेवला. "ही तर माझी हळद हाय."

"मग त्यानं सांगितलं काहून न्हाई?" हरीश म्हणाला.

"माझ्या पूजेला नाव ठेवलं असतं, तर तू त्याला दारात उभं केलं असतंस का? रोज खरडून काढत व्हता बिचारा. चल, गाडी काढ."

त्या स्वतः तांड्यावर गेल्या. तिसऱ्या दिवशी प्रेमदास परत आला. मला रॉकेलनं धुतलं, ताजं तेल दिलं. खाचा थोड्या झिजल्या होत्या, तरी मी चालायला लागलो.

मित्रांनो, मला झाकून ठेवा, साफ ठेवा, हे तर सांगतोच. पण कोणाकडे बोट दाखवायच्या आधी नट उघडून बघा. मी तर त्याच्या हाताखाली होतो. तो काय खरडतोय, हे मला कळायला हवं होतं. संशयात मी ते बघितलंच नाही.

याला आता दोन वर्षं झाली. प्रेमदास पूर्वीसारखंच काम करतो, हसतो, बोलतो. फक्त संध्याकाळी निघताना दारात थांबतो आणि पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो. एखादं एसटीचं तिकीट खाली पडतं.

"राहू दे ना रे," हरीश म्हणतो. "मी मागितलं का?"

"बघून घ्या, भाऊ."

आणि हरीशला रोज बघावं लागतं.