महिनाभर उशिरा आलेला पुरीम

शिरोड्यात ज्यूंचं घर एकच, आणि त्या घराचं पंचांग म्हणजे हनोखची बायको रिवका. कोणता सण कधी, ते तिने सांगायचं. हनोखने अंघोळ करून टेबलाशी बसायचं. दिवाळीनंतर ती गेली, तेव्हा हनोखच्या लक्षात आलं की धर्मातलं आपण फक्त जेवायचंच शिकलो.

मार्चमध्ये ठाण्याहून मुलीचा, मिल्काचा, फोन आला. "पप्पा, सणाला येते. तुमचं एकट्याचं जमतंय का बघू, नाहीतर बॅग भरून घेऊनच जाते."

शिरोडं त्याला सोडायचं नव्हतं. वाडीत होळीची तयारी चालली होती. म्हणजे पुरीमही आलाच. त्याच्या आठवणीत दोन्ही जोडीनेच यायचे. एस्तेर राणीची गोष्ट वाचायची, दुष्ट हामानाचं नाव आलं की थाळी बडवायची, सोंग घ्यायचं, शेजाऱ्यांना गोडाची ताटं द्यायची. एवढं कोणालाही जमेल, असं त्याला वाटलं. असं त्याला बऱ्याच गोष्टींबद्दल वाटायचं.

पुरण आधी आमटीसारखं झालं, मग आटवताना खाली लागलं. पहिल्या दोन पोळ्या तव्यावरच फुटल्या. तिसरी धड उतरली, ती त्याने रिवकाच्या बशीत काढून ठेवली. संध्याकाळी ढीगभर पोळ्या टेबलावर मांडून, तिचा लाल शालू डोक्याला गुंडाळून तो राजा झाला आणि थाळी-डाव घेऊन दारात बसला.

मिल्का रिक्षातून उतरली. आधी फेटा बघितला, मग टेबल.

"पप्पा, हे काय?"

"पुरीम."

"तो मागच्या पुनवेला झाला. यंदा आपला महिना आधी आला होता. आज पेसाख लागतोय."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"आईशिवायचं पहिलं वर्ष. म्हटलं, कशाला आठवण."

पेसाखच्या सणाचे आठ दिवस घरात अशी गव्हाची पोळी ठेवायची नसते, एवढं हनोखलाही ठाऊक होतं.

"आणि हामान?" त्याने हातातला डाव दाखवला.

"त्याला फाशी देऊन महिना झाला. सूर्य बुडायच्या आत हे सगळं बाहेर काढा."

तो ताटं घेऊन निघाला. फेटा काढायचा राहिला. शेजारची सुगंधा मासे विकून येऊन ओट्यावर बसली होती.

"हनोखदादा, होळी उद्या. तुमी आजच सोंग घेवन निघालात?"

"पोळी खा, सुगंधा."

तिने तुकडा मोडला. "वैनीच्या हातची नाय ही."

"नाही."

"करपलली आसा." तरी ती खात राहिली. "वैनी गेली, आता तुमच्या घरातसून ताट येवचा नाय असा वाटलेला माका."

बाकीची ताटं देऊन तो परतला तेव्हा मिल्का केर काढत होती. तिने बशी पुढे केली. "ही राहिली."

"ती आईची आहे."

मिल्काने केरसुणी बाजूला ठेवली. "आईला आज चालायची नाही, पप्पा."

ते खरंच होतं. रिवकाने आज त्याला पोळीसकट बाहेर काढलं असतं. तो बशी घेऊन पुन्हा सुगंधाकडे गेला.

"आणखी?"

"ही रिवकाची."

सुगंधाने पदराला हात पुसले, उभी राहिली आणि दोन्ही हातांनी बशी घेतली.

मिल्का दारातून बघत होती. तो आत आला तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पुरीमला मी आधी येऊन राहीन. पुरण मी शिजवते, ताटं तुम्ही वाटा."

"इथे?"

"मग? ठाण्यात तुमचं हे सोंग कोण चालवून घेईल?"

"आणि हामान?"

"तो तुमचाच."

हनोखने डाव थाळीवर एकदा, हळूच, आपटून बघितला.