फोटोतला नवरदेव

साक्रीकडच्या धनसिंग आबांची थोरली पोर सुंदरबाई. लहानपणी देवी येऊन गेल्या, त्यांचे वण तोंडावर राहिले, आणि आलेली स्थळं ओट्यावरूनच परत जायला लागली. चोपन्न साली धुळ्याच्या धुरपदाबाईंनी आपल्या बहिणीच्या मुलाचं स्थळ आणलं. हा अभिमन धुळ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. शेटने त्याला आफ्रिकेत, युगांडातल्या आपल्या जिनावर नेलं होतं. इतक्या लांबून मुलगी बघायला कोण येणार? फोटोंवरच सगळं ठरलं.

सुंदरबाईचा फोटो धुळ्याच्या स्टुडिओत काढला. हातात आला तेव्हा गालावर एकही वण नव्हता. फोटोवाल्याने पेन्सिलीने सगळे बुजवले होते. आबा खूश झाले. सुंदरबाई मात्र धास्तावली. धुरपदाबाईंनी दिलेल्या फोटोतला तो काळ्याभोर मिशांचा तरणाबांड गडी बघितला, की ती तो फोटो उलटा करून ठेवायची. आपलं तोंड बघून हा मांडवातून उठून गेला तर?

लग्नाच्या आठवडाभर आधी अभिमन एकटाच भर दुपारी दारात येऊन उभा राहिला. आबांनी त्याला ओळखलंच नाही. केस पिकलेले, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या आधीच त्याने सांगून टाकलं, की मावशीने दिलेला फोटो फार जुना होता, बोटं त्यानंतर यंत्रात गेली. मावशीने तो फोटो दिल्याचं त्याला गावी आल्यावर कळलं, म्हणून तो तडक इकडे निघाला.

आबा संतापले. गावभर अक्षता दिल्या होत्या. तोंडाला येईल ते बोलले. अभिमनने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"आबा, पोरले इचारा," तो शेवटी म्हणाला. "ती नही म्हनी ते मी परत जासू. बोल लागी ते मन्हावर, तिन्हावर नही."

दाराआडून सुंदरबाई ऐकत होती. भाजी कोणती करायची, एवढंसुद्धा तिला त्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. ती बाहेर आली, पदर मागे सारला आणि उजेडात उभी राहिली.

"मन्हा फोटोबी खोटा शे. हाई मन्हं तोंड."

अभिमनने बघितलं, नजर काढून घेतली नाही. "माले चालस," तो म्हणाला. "तुले?"

तिने विचारलं, तिकडे नागली, म्हणजे नाचणी, पिकते का. पिकते, तिकडची माणसं तीच खातात, असं तो म्हणाला. मग ती आत गेली आणि पाहुण्यासाठी भाकरी थापायला बसली. आबांना उत्तर मिळालं.

लग्नानंतर आफ्रिकेला जाताना बोटीवर तिला पाणीसुद्धा पचेना, तेव्हा अभिमनने चमच्या-चमच्याने पेज पाजली. पुढचा संसार काही नुसता गुळाचा नव्हता. भांडणं झाली, माहेरच्या आठवणीने ती वर्षभर रडली. पण कुठलीही गोष्ट तिला विचारल्यावाचून त्या घरात झाली नाही.

साठ साली ती दोन पोरं घेऊन माहेरी आली. धाकट्या बहिणीला, ताईबाईला, पाहुणे बघायला आले होते. त्यांचा चहा झाल्यावर आबांनी आपणहून ताईबाईला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुन्हं काय म्हननं शे, माय?"

ताईबाई नको म्हणाली. पाहुणे तोंड वाकडं करून गेले. आबा नुसतं धोतर सावरून बसले. सुंदरबाई उठली आणि बापाच्या पाया पडली.