उरलेल्या चार तारा

सोनियाने नेटवर्कचं कार्ड सर्व्हरच्या खाचेतून पुन्हा बाहेर काढलं, त्याच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवलं, फुंकर मारली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून ते जागेवर बसवलं. स्क्रू पिळताना तिने मान वर केली नाही. विनीत मागे येऊन उभा राहिला होता. त्याची सावली कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडली होती.

"झालं का?"

"कार्ड ओळखलंय, दादा. ड्रायव्हरही चढला. लिंक येत नाहीये."

"म्हणजे नाही झालं."

"नाही झालं," सोनियाने कबूल केलं.

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या या दुमजली घरात तळमजल्यावर जीन्सला शिवायची लेबलं छापली जात. जिन्याखालच्या कोनाड्यात युनिक्सवर चालणारा एक जुना सर्व्हर होता आणि आजवरची सगळी डिझाइनं त्याच्या पोटात होती. मिलिंद नावाच्या कुणीतरी तो बसवून दिला आणि नंतर मिलिंद दुबईला गेला. तेव्हापासून सर्व्हर एकदाही अडला नव्हता, म्हणून कुणी त्याला हातही लावला नव्हता. वरच्या मजल्यावर एका खोलीत डिझाइनचे कॉम्प्युटर होते आणि तिला लागूनच विनीतचे आईवडील, बाळाजी आणि बकुळा, राहत होते. विनीत स्वतः बायकोमुलांसह बदलापूरला, बेलवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता.

आताशा डिझाइनं जड झाली होती. खालून वर एक फाइल उघडायची तर तेवढ्यात माणूस हातपाय धुऊन येई. आणि आज संध्याकाळी एक मोठी पार्टी शेजारी बसून रंग बदलून घ्यायला येणार होती.

"कल्याणचा कॉम्प्युटरवाला सकाळीच बोलला," विनीत म्हणाला. "हा डब्बा भंगारात टाका, नया बिठा देता हूँ. मी म्हटलं, थांब, आधी आमच्या ओळखीची पोरगी बघतेय."

"दोनपर्यंत थांबा."

"दोनला मी त्याला फोन लावणार. मग वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेणार," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिने अंबरनाथला एका दुरुस्तीच्या दुकानात हात बसवला होता. पण स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम. कॅम्पात एका गल्लीत फसलेलं काम चहा उकळायच्या आत दुसऱ्या गल्लीत पोचतं, हे तिला ठाऊक होतं.

युनिक्समध्ये सांगितल्याशिवाय काही होत नाही आणि तिला तेच आवडायचं. या कार्डाची चिप जुन्या सर्व्हरला माहीत नव्हती, म्हणून ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिने बुवापाड्यातल्या घरीच तयार करून आणला होता. मशीन सुरू होताना तो चढावा म्हणून एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली, कार्डाला पत्ता देणारी ओळ दुसरीत. वेग किती ठेवायचा ते मुद्दाम दोन्ही टोकांवर सोडलं. कार्ड आणि वरच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर जोडणारा स्विच आपापसात ठरवून घेतात. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त शेवटच्या ओळीत 'नो कॅरिअर' येत होतं. म्हणजे पलीकडून कुणी बोलत नाही. कार्डाच्या तोंडाशी असलेला हिरवा ठिपका क्षणभर पेटे आणि विझे.

बाहेर लेबलांचं मशीन खटाखट चालू होतं. साटीनची पांढरी फीत एकीकडून आत जाई आणि दुसरीकडून नावं लेवून बाहेर येई. बाळाजी बनियनवर उभे राहून फितीचा ताण बोटाने तपासत होते. मशीनच्या वर, खिळ्याला टांगलेला एक लहानसा लाल दिवा एकदा लागला आणि गेला. बाळाजींनी मशीन थांबवलं, चिंधीला हात पुसले आणि ते अर्धा जिना चढले. मधल्या पायरीवर स्टीलचा ग्लास ठेवलेला होता. त्यांनी उभ्याउभ्याच चहा प्यायला, ग्लास होता तिथेच ठेवला आणि खाली येऊन मशीन सुरू केलं.

"पोरी, तुझा पण कप ठेवलाय गं," वरून बकुळाकाकूंचा आवाज आला. "पायरीवरच आहे. माझे गुडघे उतरू देत नाहीत."

सोनिया कप घेऊन आली तेव्हा विनीत हसला, पण ते हसू फार काही खुशीचं नव्हतं.

"बोलणं बंद आहे दोघांचं. मी फ्लॅट घेतला तेव्हापासून. आईला यायचं होतं बेलवलीला, लिफ्ट आहे ना तिथे. बाबा म्हणाले, मशीन सोडून कुठे येऊ. आई म्हणाली, मग बोला मशीनशीच."

"आणि तुम्ही?"

"मी काय. इकडचा निरोप तिकडे. दोघांना विचारलं तर दोघंही बोलतात, माझं काही भांडण नाही."

सोनियाने चहा संपवला आणि हाताशी असलेली आखूड केबल काढली. सर्व्हरचं कार्ड तिने थेट आपल्या लॅपटॉपला जोडलं. हिरवा ठिपका पेटला आणि पेटलेलाच राहिला. पडद्यावर हजार मेगाबिटचा वेग आला. म्हणजे ड्रायव्हर बरोबर, कार्ड बरोबर. मग तिने पुन्हा भिंतीतली केबल लावली आणि कार्डाला हुकूम दिला: शंभरावरच चाल. लिंक लगेच आली.

"आली की," विनीत वाकून म्हणाला.

"शंभरावर."

"शंभर तर आधीपण होतं. मग नवीन कार्ड कशाला आणलं?"

 सोनिया हाताच्या बोटांवर अंगठा फिरवत राहिली. एकच केबल शंभराला चालते आणि हजाराला चालत नाही. तुटकी असती तर दोन्हीला नसती चालली. शंभराचा वेग केबलमधल्या आठांपैकी चारच तारांवर जातो. हजाराला आठही लागतात.

तिने पक्कड घेतली आणि कोनाड्यातली भिंतीवरची केबलची डबी उघडली. आत केशरी आणि हिरवी जोडी नीट बसवलेली होती. निळी जोडी एकत्र पिळून, तपकिरी जोडी एकत्र पिळून, चिकटपट्टी गुंडाळून डबीच्या बाजूने बाहेर काढली होती. त्यांना जोडलेली पातळ वायर भिंतीसारख्याच ऑइलपेंटने रंगवलेली होती. म्हणून ती आजवर दिसली नव्हती. वायर मशीनच्या मागे कुठेतरी जात होती आणि वाटेत तिला मोबाइलचा एक जुना चार्जर जोडलेला होता.

"ही कशाची, दादा?"

"जुनी बेल असणार. मी तर कधी वाजलेली ऐकली नाही. काढून टाक."

सोनियाने तारांना हात लावला नाही. ती दारात आली.

"काका, जरा बघता का?"

बाळाजी मशीन चालू ठेवूनच आले. डबीत डोकावले, मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"त्या मिलिंदानं केबल टाकली तेव्हा म्हणाला, आठातल्या चारच लागतात. उरलेल्या चार तशाच पडून राहणार म्हणे. मला ते काय बघवंना."

"मग लावल्या कशाला त्या?" विनीतने विचारलं.

"होतं कायतरी."

"बाबा, बेल आहे का?"

"बेल कुठली. या मशीनपुढं बेल ऐकू येते व्हय?" ते सोनियाकडे वळले. "तुझ्या कामाच्या आहेत ना? मग घे."

"नक्की ना, काका?"

"घे म्हणलं ना."

परत जाताना त्यांनी मशीनच्या वर एकदा पाहिलं आणि चिंधी उचलून स्वच्छ असलेले हात पुन्हा पुसले. सोनियाला ते दिसलं. आणखी एकदा विचारावंसं तिला वाटलं. पण विनीतने तेवढ्यात घड्याळ पाहिलं आणि फोन खिशातून काढून हातात धरला.

तिने चार्जर काढला, जोड सोडवले, तारांची टोकं छाटली आणि रंगांच्या क्रमाने डबीत बसवली. मग वर जाऊन स्विचजवळची डबी उघडली. तिथेही तसंच. निळी आणि तपकिरी जोडी भिंतीतल्या भोकातून पलीकडे, स्वयंपाकघरात गेली होती. आतल्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता. तिने त्या तारा ओढून घेतल्या आणि जागेवर दाबल्या.

खाली उतरून शंभराची ओळ पुसली. वेग पुन्हा दोन्ही टोकांवर सोडला. हिरवा ठिपका लुकलुकला, विझला, आणि मग स्थिर झाला.

विनीत वर धावला. थोड्याच वेळात त्याने जिन्यावरून हाक मारली, "सोनिया, टिचकी मारली की उघडतंय गं." कल्याणवाल्याला त्याने फोन केला, पण तो वेगळ्या कारणासाठी: "नहीं चाहिए भाई, अपना डब्बा चालू हो गया." मग गाडी काढून तो पार्टीला आणायला गेला.

सोनिया हत्यारं पिशवीत भरत होती. मशीन चालूच होतं. जेवायची वेळ टळून गेली होती, तरी बाळाजी फितीजवळून हलले नव्हते. फितीची गुंडाळी संपली, तेव्हा त्यांनी दुसरी चढवली. मधूनच त्यांची मान वर जाई आणि खाली येई.

पिशवीची चेन लावताना सोनियाचा हात थांबला. लाल दिवा. पायरीवरचा ग्लास. स्वयंपाकघरात गेलेल्या तारा. तिने डबीकडे पाहिलं. तारा अगदी सरळ, एका रांगेत बसवलेल्या होत्या. आजवर बसवलेल्या डब्यांपैकी ही सगळ्यात नीटनेटकी होती.

जिन्यावर पाऊल वाजलं. थोडा वेळ काहीच नाही, मग दुसरं. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर ठेवून बकुळाकाकू एकेक पायरी उतरत होत्या. मधली पायरी ओलांडून त्या आणखी खाली आल्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी दम घेतला आणि मग सरळ मशीनपाशी गेल्या.

"बटण दाबून दाबून बोट दुखलं माझं. दिवा बघत नाही काय?"

बाळाजींनी मशीन बंद केलं. एवढी शांतता झाली की बाहेरच्या गल्लीतल्या शिलाई मशिनी ऐकू येऊ लागल्या.

"दिवा गेला," ते म्हणाले.

"दिवा गेला, मग वर यायला पाय गेले काय?"

"तू बोलवलं न्हाईस."

"आणि मी वर बसून काय समजायचं? मला वाटलं, मशीनमध्ये हात बित..."  बाळाजींचे दोन्ही हात त्यांनी नजरेने तपासले. "भाकरी वातड झाली असणार आता."

"चालंल."

"तुम्हाला काय, सगळंच चालतं. भाजी तरी गरम करते."

त्या वळल्या. सोनिया कोनाड्यातून पुढे आली.

"काकू, चूक माझी आहे. त्या वायर मीच काढल्या." मग ती बाळाजींना म्हणाली, "काका, उद्या सकाळी येते मी. दिव्याला वेगळी वायर टाकून देते, बाहेरून क्लिपा मारून. एवढंसं काम आहे."

बाळाजींनी दिव्याकडे पाहिलं नाही. बकुळाकाकूंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता आणि दुसरा उचलण्यापूर्वी त्या गुडघा चोळत होत्या. बाळाजी त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, एक पाऊल सोडून.

"ये सावकाश," ते मागे न बघता सोनियाला म्हणाले. "घाई न्हाई."

काकूंनी दुसरा पाय उचलला. मग बाळाजींनीही.