हॅवर्टी गेला ते वर्ष

मी शेगडी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे. तेलाचं पिंप उभं चिरून, त्याला चार पाय जोडून केलेली, चांगली कमरेएवढी उंच.

मला घडवलं कॅझिमिर डोम्बेकनं. सगळे त्याला कॅझ म्हणत. पोर्ट हॅलमच्या गोदीत तो वेल्डर होता, आणि जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस खपून त्यानं माझे पाय जोडले. एक पाय बोटभर आखूडच राहिला. त्याचा मित्र ऑर्विल टेट, गावातला पोस्टमन, मला बघून म्हणाला, "कॅझ, ही उभी आहे की चालायला लागलीय?"

बार्जमेन हा आमच्या गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. त्यांचा सामना असला की रविवारी सकाळी आठलाच आम्ही स्टेडियमच्या वाहनतळावर हजर. सरोवरावरून बोचरा वारा यायचा. माझ्या जाळीवर किल्बासा सॉसेज तडतडायचं, कडेला कांदा लाल व्हायचा, ऑर्विलची बायको लोरेटा पाव कापायची. एकोणीस वर्षं मी त्या भिंतीबाहेर उभी राहिले आणि एकही सामना पाहिला नाही. पण डेल हॅवर्टीनं लांबवर चेंडू फेकला, की आत हजारो माणसांचा श्वास अडकायचा आणि मग भिंत हादरायची. तेवढ्यावरून मला सगळं कळायचं.

हॅवर्टी आमचा क्वार्टरबॅक. डाव त्याच्या डोक्यातून निघायचा आणि चेंडू त्याच्या हातून. बारा वर्षं तो आमचा होता. एकदा तो वाहनतळावर आला आणि त्यानं माझ्यावरचं करपलेलं सॉसेज मागून घेऊन खाल्लं. कॅझ ते महिनाभर सांगत होता. लोरेटा म्हणायची, "महिनाभर कसलं? अजून सांगतोय."

मग एका मार्चमध्ये संघानं त्याला काढलं. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला बसला होता, तिथं फोन गेला. दुपारपर्यंत स्टेडियमच्या फाटकावरचा त्याचा भला मोठा फोटोही उतरला.

त्या शनिवारी कॅझनं परसात मला पेटवलं. बर्फ अजून कुंपणाशी साचलेलं होतं.

"छत्तिशी उलटली त्याची," ऑर्विल म्हणाला. "खांद्याची दोन ऑपरेशनं झालीत. संघानं काय आता त्याला पेन्शन द्यायची?"

"काढू नका म्हणालो का मी? काढा ना! पण माणसासारखं काढा. पोरगी गातेय आणि बापाला फोनवर सांगतात, उद्यापासून येऊ नकोस!"

"मग काय वाजंत्री लावायची? लांबण लावली की जास्त दुखतं, लेका. एका घावात मोकळं."

"मोकळं कोण? घाव घालणारा!"

ऑर्विल एकदम तडकला. "आणि तुझा तो देव? तो तरी गावाशी एक शब्द बोलला का? चार दिवसांत दुसऱ्यांची जर्सी चढवून हसत उभा!"

यावर कॅझ आणखीच जोरात ओरडला.

सगळा उन्हाळा असाच गेला. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या जेवणात, जिकडेतिकडे गाव दोन तट पाडून बसलं होतं. मला एकच नवल वाटायचं. वाद घालताना ऑर्विल कॅझकडे बघायचाच नाही, नुसतं सॉसेज उलटत राहायचा.

सप्टेंबरात पहिला सामना आला. गारठा होता. लोरेटा हात चोळत सहज बोलून गेली, "पुढच्या वर्षी टेक्ससमध्ये ही थंडी कुठली!"

कॅझचा चिमटा जागीच थांबला. "टेक्ससमध्ये?"

लोरेटानं नवऱ्याकडे पाहिलं. "अरे देवा. तू अजून सांगितलं नाहीस?"

त्या दोघांनी तिथं लेकीच्या शेजारी घर घेतलं होतं. नोव्हेंबरात निघायचं होतं.

"कधी ठरलं?" कॅझनं विचारलं.

"मार्चमध्ये," ऑर्विल जमिनीकडे बघत म्हणाला.

ऑर्विल उन्हाळाभर कोणाची बाजू लढवत होता, ते मला तेव्हा उमगलं. कॅझलाही उमगलं असावं. त्यानं माझा विस्तव तिथंच विझवला, मला गाडीत घातलं आणि सामना न बघता घरी निघाला. पुढचे दोन महिने मी ताडपत्रीखाली होते. दोन घरांमध्ये तीनच गल्ल्या, पण कोणी कोणाकडे गेलं नाही.

नोव्हेंबरात हॅवर्टी परक्या संघाकडून आमच्याच मैदानावर खेळायला आला. कॅझनं मला बाहेर काढलं. एकटाच आला, आणि सगळे आत गेले तरी माझ्यापाशीच उभा राहिला. थोड्या वेळानं गाड्यांच्या रांगेतून ऑर्विल आला.

"तिकीट नाही का तुझ्याकडे?"

"आहे. त्याला त्या जर्सीत बघवणार नाही मला."

ऑर्विलही आत गेला नाही. आत हॅवर्टीचं नाव पुकारलं. काहींनी हुर्यो उडवली, काहींनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी वेळ दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून येत राहिले. हॅवर्टीला त्यातलं काय ऐकू गेलं, कोण जाणे.

"पाच वेळा सांगायचं ठरवून तुझ्या दारात आलो," ऑर्विल म्हणाला. "दर वेळी तुझी पत्रं टाकली आणि परत फिरलो."

"तीस वर्षं लोकांच्या बातम्या माझ्या दारात टाकल्यास. तुझी तेवढी राहिली." कॅझनं चिमटा खाली ठेवला. "आता सांग."

"काय सांगू? तुला माहीत आहे."

"माहीत असू दे. तोंडानं सांग. मी उभा आहे."

ऑर्विलनं टोपी काढली. "कॅझ, मी चाललोय रे."

"कधी?"

"गुरुवारी."

"बरं," कॅझ म्हणाला. "सकाळी येतो सामान चढवायला."

आला, आणि सगळ्यात शेवटी त्यानं मला चढवलं. ऑर्विल नको नको म्हणत राहिला.

आता मी टेक्ससमध्ये, ऑर्विलच्या अंगणात असते. इथल्या उन्हात मी गंजत नाही, पण जीव रमत नाही. शेजारी कधीमधी हॅवर्टीचा विषय काढतात. ऑर्विल म्हणतो, "काढलं ते बरोबरच. कसं काढलं, ते चुकलं." कॅझशी दर रविवारी फोनवर बोलतो, पण त्याच्यापाशी मात्र हे अजून कबूल करत नाही.

तुमच्यापैकी कोणाला कोणाचा निरोप घ्यायचा असेल, तर एवढं ऐका. फोन करू नका, चिठ्ठी टाकू नका, त्याच्या दारात जा. आणि जेवायच्या वेळेला जा. रिकाम्या पोटी निरोप पचत नाही.