तीन एप्रिल

मुलीने कॉम्प्युटरवरच्या खोक्यांच्या आराखड्यांच्या फायली तारखेप्रमाणे लावल्या आणि एकही फाईल जागची हलली नाही. बटण नीट दाबलं गेलं नसेल म्हणून तिने पुन्हा दाबलं. मलमाचं खोकं, गोळ्यांचं खोकं, परवाच पाठवलेलं थर्मामीटरचं खोकं. सगळ्यांवर एकच तारीख होती, तीन एप्रिल, नऊ वर्षांपूर्वीची.

मागे पुठ्ठा कापायचं यंत्र अजून बंदच होतं. वडील गेल्यापासून ते काका चालवत. खोक्यांचे आकार याच कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅममध्ये आखायचे, मग यंत्र ते कापायचं. पण आता औषधकंपनीने कळवलं होतं की ज्यांच्याकडे जुनी, सुरक्षेचे अपडेट बंद झालेली सिस्टिम आहे, त्यांच्याकडून माल घेणार नाही. ती कंपनी गेली तर कारखान्याला कुलूपच लावावं लागणार होतं.

तरीही काका नाहीच म्हणत होते. "हा डबा नेटला जोडलेलाच नाही, तर चोर शिरणार कुठून?" आणि मग ठरलेलं वाक्य: "जुना प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही."

काल कॉम्प्युटरवाला वेगळंच बोलला होता. "विकत घेतलाय ना? मग नव्यावर फुकट मिळतो. परवाना क्रमांक तेवढा द्या." क्रमांक हरवलाय, असं काका भिंतीकडे बघत म्हणाले. रात्री जेवताना मुलीने आईसमोरच त्यांना उलटसुलट विचारलं होतं. काका पान अर्धं टाकून उठले.

विकत घेतलेला तर होताच. त्यासाठी आईने गळ्यातली साखळी मोडली होती. कारखान्यात कुणी पाहुणा आला की आई यंत्रावर थाप मारून म्हणायची, "याच्या डोक्यात माझी साखळी आहे."

दार वाजलं. काका आत आले आणि तिला खुर्चीत बघून थबकले.

"आज स्वारी लवकर?"

"काका, आज तारीख काय?"

"कॅलेंडर भिंतीवर आहे, शास्त्रज्ञबाई."

"मी स्क्रीनच्या या कोपऱ्यातली विचारतेय. इथे चार एप्रिल दिसतेय. आणि तुमच्या सगळ्या फायली तीनच्या. कुणाला दाखवायला मागच्या तारखा टाकता?"

काकांनी हातातला जेवणाचा डबा खाली ठेवला. तिच्या खांद्यावरून हात पुढे घालून त्यांनी, दुकानाची फळी उघडावी इतक्या सवयीने, चारचे तीन केले. मग प्रोग्रॅम उघडला. तो निमूटपणे उघडला.

"महिनाभर वापरून बघायला फुकट मिळतो," ते म्हणाले. "तीन एप्रिल शेवटचा दिवस होता."

"मग?"

"मग चार एप्रिल उजाडूच दिली नाही."

"म्हणजे घेतलाच नाही? ही युक्ती तुमची?"

"माझं डोकं एवढं चालतं का गं?"

ती खुर्चीत मागे टेकली. घरात एवढं डोकं एकाच माणसाचं चालायचं, वडिलांचं.

"पण साखळीचे पैसे?"

काका शर्टाच्या बाहीने स्क्रीन पुसत राहिले. स्क्रीन स्वच्छच होता.

"दादाला मी तेव्हा विचारलं नाही," ते म्हणाले. "आता कुणाला विचारू?"

बाहेर चपलांचा आवाज आला. किल्ल्या हातात खुळखुळवत आई दारात उभी राहिली.

"काय ठरलं? कॉम्प्युटरवाला निघालाय म्हणे."

काका यंत्राखाली वाकून काहीतरी शोधू लागले. मुलीने त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

"नवी सिस्टिम घेऊ या, आई. पण प्रोग्रॅमही नव्याने घ्यावा लागेल. जुना नव्यावर चालत नाही."

"काल तर तू काकांना खोटं पाडत होतीस."

"काल मला पुरतं माहीत नव्हतं."

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग यंत्राखालच्या पाठीकडे. तिचा हात गळ्याशी गेला आणि नुसताच खाली आला.

"भावजी, उठा तिथून, कंबर धरेल," ती म्हणाली. किल्ल्या खिळ्याला अडकवताना तिची पाठ त्यांच्याकडे होती. "आणि तो माणूस यायच्या आत ती तारीख तेवढी आजची करून ठेवा. परक्यासमोर बरं दिसत नाही."