भारतीबाईंची सहाशे बारा शब्दांची यादी

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या विणकर संस्थेत भारती पराते सतरा वर्षं पत्रं टाइप करत होत्या, आणि एवढ्या काळात त्यांनी ऑफिसच्या कम्प्युटरला आपल्या वळणावर आणलं होतं. 'सनि' अशी दोन अक्षरं टाइप केली की पडद्यावर 'सविनय निवेदन सादर करण्यात येते की' हे लांबलचक वाक्य उमटे. 'मी' लिहिलं की पुढे आपोआप येई, 'मी, खाली सही करणारी सौ. भारती रामाजी पराते'. असे सहाशे बारा शब्द त्यांनी एकेक करून त्याला शिकवले होते. नवऱ्यालाही त्यांनी एवढं शिकवलं नव्हतं.

त्यातला एक शब्द मात्र रागाच्या भरात शिकवलेला होता. संस्थेचे अध्यक्ष रुपराव हेडाऊ एका सभेत पावणेदोन तास बोलत राहिले आणि भारतीबाईंचं सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याचं जेवण हुकलं. दुसऱ्या दिवशी सभेचा वृत्तांत टाइप करताना 'अध्यक्षांनी मार्गदर्शन केले' हे वाक्य काही त्यांच्या बोटांतून उतरेना. मग त्यांनी कम्प्युटरला सांगून टाकलं, 'मार्गदर्शन' दिसलं की त्याचं 'गुऱ्हाळ' कर. तेव्हापासून दर वृत्तांत त्या गालातल्या गालात हसत लिहीत आणि छापण्याआधी सगळी गुऱ्हाळं न चुकता दुरुस्त करत. याची खबर कोणालाच नव्हती.

मार्चमध्ये ऑफिसच्या पाचही कम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर घालायचं ठरलं. सीताबर्डीच्या दुकानातून संघपाल नावाचा इंजिनिअर आला. भारतीबाई आपल्या खुर्चीतून उठेनात.

"माझी यादी गेली तर?"

"कुठी नाही जात, ताई. नव्या वर्जनमधी जशीच्या तशी येते."

"मागच्या खेपेचा पण असाच बोलला होता, बापा. मले सहा महिने लागले त्याले पुन्हा शिकवाले."

संघपाल भला माणूस होता. सतरा वर्षांची मेहनत, पुन्हा मशीन बिघडलं तर काय घ्या, असा विचार करून त्यानं ती यादी संस्थेच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आणि पाचही कम्प्युटरना जोडून दिली. "आता काही झालं तरी जात नाही," एवढंच त्यानं सांगितलं. भारतीबाईंनी 'सनि' टाइप करून पाहिलं. सविनय निवेदन सादर झालं. त्यांनी त्याला आग्रहानं दोन कप चहा पाजला.

पुढचे दोन दिवस सुट्टीचे होते. तिसऱ्या दिवशी संस्थेचा वार्षिक मेळावा. भारतीबाई सभागृहाच्या दारात पाहुण्यांच्या नावाची रांगोळी पाहत उभ्या होत्या, तेवढ्यात नवीन लागलेली कारकून दीप्ती धावत आली.

"ताई, मी आपल्या रजेचा अर्ज लिहून राहिली, तर त्यात तुमचंच नाव येऊन राहिलं. काहून वं?"

"माझं नाव? कुठी?"

"मी 'मी' लिहिलं की तुम्ही येता!"

भारतीबाईंना आधी गंमत वाटली. मग त्यांच्या ध्यानात आलं. यादी दीप्तीच्या कम्प्युटरवर गेली, म्हणजे अध्यक्षांच्याही गेली. आणि रुपरावजी आपलं भाषण मेळाव्याच्या सकाळी ऑफिसात बसून स्वतःच टाइप करत, त्याचा त्यांना फार अभिमान होता. ते एका बोटानं टाइप करत, नजर सगळी खालच्या बटणांवर. पडद्याकडे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या आत धावल्या, पण दीपप्रज्वलन होऊन गेलं होतं. रुपरावजी माइकपाशी उभे होते, हातात तीन छापील पानं. भारतीबाईंनी पहिल्या रांगेच्या कडेला उभं राहून दोन्ही हात हलवले. बाईंना आपलं बोलणं ऐकायची घाई झाली आहे, असं समजून रुपरावजींनी मान डोलावली आणि सुरुवात केली.

"मी, खाली सही करणारी सौ. भारती रामाजी पराते, या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने आपले स्वागत करतो."

सभागृहात मागच्या रांगांतून खसखस पिकली. रुपरावजींना समोरचं वाचायची एवढी सवय की थांबायचं त्यांना सुचलंच नाही.

"आज आपल्याला प्राध्यापिका सुभद्राताई कुंभारे यांचे गुऱ्हाळ लाभणार आहे. त्यांनी आजवर शेकडो विणकरांना गुऱ्हाळ केले आहे. माझेही चाळीस वर्षांचे गुऱ्हाळ तुमच्या पाठीशी आहेच."

आता लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. कोणीतरी ओरडलं, "एकदम खरी गोष्ट केली, रुपरावजी!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रुपरावजींनी पानं उलटसुलट करून पाहिली, लालबुंद झाले आणि खाली बसले. मेळाव्यात अध्यक्षांचं भाषण इतक्या लवकर संपण्याची ही पहिलीच वेळ होती.

सुभद्राताई डोळे पुसत उठल्या. "माझं गुऱ्हाळ सात मिनिटांत आटपते," म्हणाल्या आणि खरंच सात मिनिटांत बसल्या.

दुपारी भारतीबाईंना केबिनमध्ये बोलावणं आलं. समोर ती तीन पानं पसरलेली होती.

"हे कोणाचं काम होय?"

खोटं बोलता आलं असतं. संघपालच्या गळ्यात घालता आलं असतं. भारतीबाईंनी पदर सावरला. "माझंच होय, रुपरावजी. शब्द मी टाकला. संघपालनं यादी सांभाळाले म्हणून सगळीकडे ठेवली. त्याले काही बोलू नका. मले जे म्हणायचं ते म्हणा."

"आणि काहून टाकला?"

त्यांनी साखरपुड्याचं सांगितलं. रुपरावजींनी ती तीन पानं गोळा करून बाजूला ठेवली.

"असे शब्द किती हायेत तुमच्यापाशी?"

"सहाशे बारा. पण असा हा एकच. देवाशप्पथ."

"पूर्ण काढून टाका म्हटलं तर?"

भारतीबाईंचे डोळे एकदम भरून आले. "हा एक काढते. बाकीचे नका काढाले लावू. बोटं आंधळी होतीन माझी."

रुपरावजी खुर्चीत सावरून बसले. त्यांनी तरुणपणी बावीस वर्षं माग चालवला होता. "मी पंधरा दिवसांसाठी गावी गेलो होतो," ते म्हणाले, "तर बापूजींनी नवीन माग बसवला. चांगलाच होता. पण माझ्या मागाची फणी मी माझ्या हाताच्या उंचीनं बांधली होती, पायाखालच्या फळ्या माझ्या पायाच्या मापानं. बापूजींनी ते सगळं मोडून टाकलं. मी आठ दिवस बापाशी बोललो नाही. जेवण करून राहिलो होतो, पण बोललो नाही."

मग त्यांनी स्वतःच फोन लावून संघपालला बोलावलं. त्यानं भारतीबाईंची यादी भारतीबाईंपुरती केली, आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर त्यांना वेगळी काढून दिली. ती त्यांनी घरी कपाटात लुगड्यांच्या खाली ठेवली.

सोमवारी रुपरावजी त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. "मलेही एक यादी करून द्या. विणकरांची नावं टाइप करताना माझ्या फार चुका होतात. दोन अक्षरं टाकली की अख्खं नाव आलं पाह्यजे."

भारतीबाईंनी बोटं बटणांवर ठेवली. रुपरावजी डोळे मिटून सांगू लागले: नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. नागपूरची संपली, मग उमरेडची. एकशे त्रेचाळीस नावं झाली, आणि त्यांनी कागद म्हणून पाहिला नाही. त्यातली नऊ माणसं संस्थेच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हती, फक्त रुपरावजींच्या ध्यानात होती. भारतीबाईंनी ती नावं दोनदा विचारून नीट लिहून घेतली.